सात पावसाळ्यांचा किल्ला

तमाम इंदूरकरांस, आणि विशेषेकरून स्नेहलतागंजातल्या रहिवाशांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या गल्लीतल्या एका किल्ल्याची उंची गेल्या सात पावसाळ्यांत अकरा बोटांनी घटली आहे. पूर्वेची तटबंदी उरलेली नाही. महाद्वार वाहून गेले असून ते सध्या अंगणाच्या मोरीपाशी पंख्याच्या आकारात पसरलेले आहे. उत्तर बुरूज मुंग्यांनी घेतला आहे आणि तो परत जिंकण्याचा कोणाचाही इरादा नाही. अकरा बोटे ही माझ्या बोटांनी. किल्लेदारांच्या बोटांनी ती तेरा भरली असती, कारण माझी बोटे जाड आहेत, आणि हे त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलेले आहे. किल्लेदार केशवराव धामणकर, सरकारी रस्त्यांचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन, माघात ग्वाल्हेर मुक्कामी वारले. किल्ला मातीचा आहे. दिवाळीत मुलं करतात तो. कोणी हसले असतील तर त्यांनी खुशाल हसावे. मीही पाच वर्षे हसलो.

तार आली तेव्हा मी त्या किल्ल्यासमोरच उकिडवा बसलो होतो. गिरणीत मी टाइमकीपर आहे, त्या आठवड्यात दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी शेजारी धामणकरांच्या अंगणात जाऊन मोजमाप घेणं चाललं होतं. फाटकाशी सायकल थांबली. "धामणकरजी का मकान?" मी बुरुजाला लावलेली आडवी बोटं तशीच ठेवून नाटकातल्या आवाजात म्हणालो, "यही है भिया. किल्लेदार ग्वालियर में हैं, उपकिल्लेदार हाजिर है." तारवाला एरवी आमच्या गल्लीत हसतो. त्या दिवशी हसला नाही. त्याने कागद माझ्या हातात दिला आणि सायकलवर न बसता, ती हाताने ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला... त्यावरूनच मला कळलं. तार इंग्रजीत होती, म्हणून केशवरावांच्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, ती माझ्याकडूनच वाचून घेतली. दोन दिवसांच्या तापाने गेले, एवढंच होतं त्यात. वीस वर्षं गणेशोत्सवाच्या नाटकांत मी राजा झालो आहे, दोन-दोन पानांची भाषणं करून मेलो आहे. ती एक ओळ मला नीट वाचता आली नाही.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या मध्यभारताला दोन राजधान्या आहेत. सरकार उन्हाळ्यात इंदूरला असतं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. दिवाळी झाली की फायली, कपाटं, टाइपरायटर आणि कारकून गाडीत भरून उत्तरेला निघतात, आणि ऊन तापू लागलं की सगळं लटांबर परत येतं. केशवराव म्हणायचे, "राजे, वाहून गेलेला गाळ परत आलेला मी हा एकच पाहिला." राजे म्हणजे मी. ही पदवी त्यांनी मला माझ्या नाटकांमुळे दिली, आणि ती देताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव असायचा की राज्य कुठे आहे हे विचारायची सोय नव्हती. आता तर मध्यभारतच आणखी मोठ्या प्रदेशात मिसळून जाणार म्हणतात. केशवराव असते तर त्यांनी त्यावरही काहीतरी म्हटलं असतं, आणि पेन्सिल कानावर ठेवून पुन्हा मातीकडे बघत बसले असते.

ते बघत बसणं ही त्यांची खरी नोकरी होती. मी त्यांच्या शेजारी राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला गेलो. दारात वहिनी. हात पिठाचे, चेहरा त्रासलेला. मी विचारलं, "केशवराव आहेत का?" तर म्हणाल्या, "हे कामात आहेत. बसा." मी अर्धा तास बसलो. मनात म्हटलं, आत मोठा नकाशा चालला असेल, पूल-बिल. शेवटी पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या अंगणात डोकावलो, तर केशवराव पालथ्या बालदीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि समोर मातीचा ढिगारा. हालचाल नाही. बरं, त्या ढिगाऱ्यातही हालचाल नाही. मी खाकरलो. ते मान न वळवता म्हणाले, "जरा थांबा. तो खडा आता पडेल." खडा काही पडला नाही. तो तीन आठवड्यांनी पडला, आणि ते सांगायला केशवराव स्वतः माझ्याकडे आले, तेव्हा आमची खरी ओळख झाली. पण वहिनींचं ते वाक्य मात्र गल्लीत कायमचं झालं. भाजीवाली असो, पाहुणा असो, घरमालक असो, वहिनी दारातून तेच सांगायच्या. हे कामात आहेत. त्यात अभिमान नव्हता. पापड वाळत घालायची अंगणातली सगळ्यात चांगली उन्हाची जागा त्या किल्ल्याने अडवली होती, आणि ही तक्रार त्यांनी सात वर्षं न चुकता केली.

किल्ला केला होता त्यांच्या कुसुमने. मध्यभारत झाला त्याच वर्षीच्या दिवाळीत. तेव्हा ती बारा वर्षांची. चार बुरूज, महाद्वार, वर पत्र्याची तोफ, उतारावर अळीव पेरलेले, सगळं यथासांग. दिवाळी संपल्यावर किल्ला मोडायची वेळ आली तशी ती रडायला लागली. वहिनी म्हणाल्या, मोडा तो, सामान ठेवायला जागा नाही. केशवरावांनी न्यायनिवाडा केला. "मोडायचा नाही," ते कुसुमला म्हणाले, "पण डागडुजीही करायची नाही. एक हात लावायचा नाही. जे करायचं ते ऊन, वारा आणि पाऊस करतील. कबूल?" ती कबूल म्हणाली. पोरीला वाटलं किल्ला वाचला. खरं म्हणजे बापाने तिच्या देखत तो पावसाच्या नावावर करून टाकला होता.

पहिल्या पावसाळ्यात बुरुजांचे कोपरे गेले. मी म्हटलं, कच्चं काम. केशवराव म्हणाले, "कोपरेच आधी जातात, राजे. सपाट बाजूला मार एकीकडून, कोपऱ्याला तीन बाजूंनी. म्हणून तर डोंगरावरचे धोंडे गोल असतात." मी घरी येऊन हे सांगितलं, तर आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "तरीच." दुसऱ्या वर्षी पूर्वेच्या उतारावर ओघळी पडल्या. मला आपलं वाटत होतं, पाणी वरून येतं तेव्हा ओघळही वरून खाली येत असणार. ते म्हणाले, नीट बघा. आणि मी पाहिलं... ओघळ खालून सुरू झाली होती, पायथ्याशी, आणि दर पावसाला बोटभर माती खात वर चढत होती. पाणी खाली जातं, ओघळ वर जाते. हे मी बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि चार दिवस मी गिरणीत भेटेल त्याला ते सांगत सुटलो. तिसऱ्या वर्षी सगळीकडची माती खचली, पण पत्र्याच्या तोफेखालची तेवढी राहिली, आणि तोफ वीतभर खांबावर एकटी उभी राहिली. केशवराव रोज आडव्या बोटांनी मोजायचे आणि एका जुन्या वहीत लिहायचे. किती बोटं, कुठे, कशाने. मी त्यांना किल्लेदार म्हणू लागलो आणि गणेशोत्सवात त्यांची नक्कलही केली. बालदीवर बसून दहा मिनिटं काहीच करायचं नाही, अशी ती नक्कल होती. लोक लोटपोट झाले. केशवराव पहिल्या रांगेत होते. नंतर म्हणाले, "चांगली होती. पण तुम्ही मध्येच प्रेक्षकांकडे बघता."

हा माणूस मातीत एवढं काय शोधतो, हे मला मानपुरला गेल्यावर कळलं. एका रविवारी त्यांनी मला मोटारीत घालून तिकडे नेलं. महूच्या पुढे मानपूर, आणि तिथून आग्रा-मुंबई रस्ता घाटाने निमाडात उतरतो. आधी त्यांनी मला एका धारेवर उभं केलं आणि सांगितलं, तुमच्या उजव्या पायाशी पडलेला थेंब चंबळेतून गंगेला जाईल, डाव्या पायाशी पडलेला नर्मदेला. मी लगेच छाती काढली आणि एक पाय बंगालच्या उपसागरात, एक अरबी समुद्रात ठेवून एक भाषण ठोकलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग एका काळ्या धोंड्यापाशी नेलं आणि म्हणाले, "सोला." मी हसलो, तर त्यांनी नखाने एक पापुद्रा काढून दाखवला. कांद्यासारखा. खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि हातात त्याचा मुरूम झाला. "आपली माळव्याची काळी माती म्हणजे हाच दगड, म्हातारा झालेला," ते म्हणाले. "ऊन त्याला फुगवतं, रात्र आवळते, पाणी आत शिरतं, एखादं मूळ फट रुंद करतं. कुणी घाई करत नाही." तोपर्यंत त्यांचा आवाज आनंदी होता. मग आम्ही रस्त्याच्या एका वळणावर आलो आणि ते थांबले.

होळकरशाहीत ते त्या घाटात ओव्हरसियर होते. त्या वळणावर डोंगराची माती रस्त्यावर यायची, म्हणून भिंत घालायची ठरलं. भिंत केशवरावांनी उभी केली. "ओळंबा लावून," ते म्हणाले. "एक सूत चूक नव्हती, राजे. सुईला शिरायला फट नव्हती." दुसऱ्याच पावसाळ्यात भिंतीच्या मागे पाणी तुंबलं, त्याला बाहेर पडायला जागा नव्हती, आणि एका दुपारी भिंत, माती आणि अर्धा रस्ता एकदमच खाली गेला. खाली भेरू नावाचा रस्त्यावरच्या टोळीचा मुकादम होता. जेवायला बसला होता... केशवरावांनी त्या वळणावर उभं राहून डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. एवढंच. मोटारीतून जाताना कुणाला दिसलंही नसतं. परत येताना त्यांनी सांगितलं, की त्याच वळणावर आता नवी भिंत होणार आहे. नवे साहेब, शिकलेले, हुशार. त्यांनी भिंत आखली आहे आणि नकाशा काढायला केशवरावांकडेच आला आहे. आधीच्यापेक्षा जाड भिंत, तितकीच बंद. "मी बोललो. ते म्हणाले, धामणकर, तुम्ही घाबरता कारण तुमची पडली. आता सांगा, मी तो नकाशा कसा काढू?"

पुढे त्यांना उपाय सुचला तो हा, की साहेबांना किल्ला दाखवायचा. पाच पावसाळ्यांचा किल्ला आणि पाच पावसाळ्यांची वही. पाणी मातीत कुठून शिरतं, कुठे थांबतं, कशाने डोंगर खालून पोखरतं, सगळं दोन हातांच्या अंतरावर. कागदावर नाही पटलं तर डोळ्यांनी पटेल. हिवाळाभर ग्वाल्हेरला ते साहेबांच्या मागे लागले होते. चैत्रात सरकार इंदूरला परतायच्या सुमारास मला त्यांचं कार्ड आलं. 'राजे, रविवारी सकाळी साहेब किल्ला पाहायला येत आहेत. मी त्याच दिवशी सकाळच्या गाडीने येतो. लक्ष असू द्या.'

आता वाचकहो, तुम्हीच सांगा. तुमच्या जिवलग मित्राकडे मोठे साहेब किल्ला पाहायला येणार आहेत आणि किल्ल्याची अवस्था अशी, की महाद्वार नाही, तट नाही, उतारावर चार ओघळी, तोफ खांबावर लोंबकळते आहे. तुम्ही लक्ष असू द्या याचा काय अर्थ लावाल? डागडुजी करायची नाही हा त्यांचा नियम मला माहीत होता. पण तो मी त्यांच्या आळसाला दिलेलं शास्त्रीय नाव समजत होतो. मी शनिवारी रजा काढली. नदीकाठची चिकणमाती आणली. आमच्या सौभाग्यवती आणि वहिनी पदर खोचून आल्या, चारही ओघळी बुजवल्या, उतार शेणामातीने सुंदर सारवला. वहिनींना तर पाच वर्षांनी अंगणात बरं काहीतरी झाल्यासारखं वाटलं. म्हणाल्या, "भावजी, चार लोकांत दाखवण्यासारखं झालं हो." मी बुरूज नवे उभारले, नाटकाच्या पेटीतून कापडी झेंडा काढून लावला, मातीचे मावळे उभे केले. संध्याकाळी तो किल्ला असा दिसत होता, की मी स्वतः दोन पावलं मागे जाऊन त्याला मुजरा केला.

सकाळी केशवराव फाटकातून आले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात वही. मी बाजूला होऊन, पडदा उघडतात तसा हात केला. ते थांबले. वळकटी खाली ठेवली. किल्ल्याभोवती एकदा फिरले, मग बालदी ओढून बसले. वहिनींनी चहा आणला, तो तिथेच निवला. त्यांनी वही उघडली, पानं एक-एक करून मागे उलटली, अगदी पहिल्या पानापर्यंत गेले आणि मिटली. मला कळेना की ते खूश आहेत की काय. आणि मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाच पावसाळे होते, राजे."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी चाळीस माणसांच्या टोळीला गिरणीच्या फाटकावर अडवू शकतो, पण त्या वाक्यासमोर उभं राहायला मला जागा सापडेना. मी म्हणालो, "मी खरवडून काढतो, केशवराव, आत्ता काढतो." ते म्हणाले, "नको. आता हातच नको." वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, पदर तोंडाशी. त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं. तेवढ्यात गल्लीत जीप थांबली.

साहेब आले. तरतरीत, हसतमुख माणूस. किल्ला पाहून खूशच झाले. "वा, धामणकर. ये तो बड़ा बढ़िया बनाया है." केशवराव उठून उभे राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील की शेजाऱ्याने घाण केली, परत कधीतरी या. त्यांनी ते म्हटलं नाही. म्हणाले, "साहब, ये ऊपर का कल का है. मेरा नीचे है." आणि वहिनींकडे वळून, "तुळशीची झारी आण भरून."

झारीने ते वरून पाणी घालू लागले. हळू, सारखं, घाई न करता. एक झारी झाली, दुसरी झाली. माझ्या गिलाव्याला काहीही झालं नाही. पाणी वरच कुठेतरी मुरत होतं. झेंडा उभा, मावळे उभे. साहेब म्हणाले, "टिकी हुई है आपकी दीवार." केशवराव तिसरी झारी घालत राहिले. मग पायथ्याशी, अगदी खाली, सारवलेली बाजू थोडी फुगली. पोटासारखी. साहेब वाकून बघायला लागले. आणि पुढच्या क्षणी माझी सगळी कारागिरी, शेण, माती, मावळे, झेंडा, एका तुकड्यात सरकून खाली आली आणि साहेबांच्या बुटांवर पडली. मागे केशवरावांचा जुना उतार. माझी ओली माती जुन्या टणक मातीला कधी चिकटलीच नव्हती, पाणी दोन्हींच्या मध्ये शिरून तिथेच साठलं होतं. ओघळींत भरलेली माती तर आधीच धुऊन गेली होती. चारही ओघळी होत्या तशा दिसत होत्या, कडा जरा झिजलेल्या, पण होत्या. तोफेचा खांब मात्र गेला.

केशवराव फार हळू म्हणाले, "साहब, ये मेरी पहली दीवार. और वो जो आपने मुझे बनाने को दी है, वो भी." त्यांनी भेरूचं नाव घेतलं की नाही मला आठवत नाही. साहेब बराच वेळ उकिडवे बसले. मग खिशातली पेन्सिल काढून त्यांनी ढासळलेल्या गिलाव्याच्या एका उभ्या तुकड्याला खालच्या बाजूने आरपार भोकं पाडली, ओळीने, आणि केशवरावांकडे पाहिलं. केशवराव म्हणाले, "हाँ. और ऊपर एक नाली, पानी को बाजू से ले जाने के लिए. रोकना नहीं है, साहब, जाने देना है." साहेबांनी बूट झटकले आणि जाताना मला विचारलं, "ऊपर का काम आपका था?" मी मान खाली घालून हो म्हणालो. "अच्छा गिरा," ते म्हणाले. नाटकात मला एवढी दाद कधी मिळाली नाही.

भिंत झाली, भोकं ठेवून, वरून नाली काढून. दोन पावसाळे गेले, ती उभी आहे. तिच्यावर कुणाचं नाव नाही. त्या नकाशाच्या कोपऱ्यात मात्र अगदी बारीक अक्षरात ड्राफ्ट्समन म्हणून सही आहे.

त्या दिवशी साहेब गेल्यावर मी क्षमा मागायला उभा राहिलो. भाषण तयार होतं. केशवरावांनी ते सुरूच होऊ दिलं नाही. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पावसाचं मी बघतो. दिवाळीनंतर मी इथे नसतो, तेव्हा काय होतं ते पाच वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. हिवाळ्याचं तुम्ही बघायचं." ही शिक्षा होती की बक्षीस, मला आजही सांगता येणार नाही. मला तेवढंच कळत होतं, की ज्याची पाच वर्षं मी एका संध्याकाळी सारवून टाकली, त्याने पुढची वर्षं माझ्याच हाती दिली होती.

दोन हिवाळे मी बालदीवर बसलो. पहिली नोंद मी अशी लिहिली: 'मार्गशीर्षाच्या शीतल प्रभाती असंख्य मुंग्यांच्या सैन्याने उत्तर बुरुजावर चाल करून तो हस्तगत केला.' ग्वाल्हेरहून उलट टपाली कार्ड आलं. 'अलंकार कमी. बोटं जास्त.' मग मी बोटं लिहू लागलो. दंवाने वरची माती फुलते आणि उन्हाने तिची पिठी होते, हे मी पाहिलं. गवताचं एक मूळ एका भेगेत शिरलं आणि संक्रांतीपर्यंत ती भेग दुप्पट झाली, हे मी पाहिलं. काहीच घडत नाही अशा सकाळी काय काय घडतं, हे मला माझ्या सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं, आणि तेही समोर प्रेक्षक नसताना. माझी बायको म्हणते की तेव्हापासून मी तिचं बोलणंही शेवटपर्यंत ऐकून घेतो. मी हे नाकारतो. पण अर्धवट.

त्यांचं शेवटचं पत्र पौषातलं. एका सुटीत ते ग्वाल्हेरच्या पलीकडे चंबळेचे बेहड बघायला गेले होते. मैलोन् मैल ओघळीच ओघळी, आपल्या अंगणातल्यासारख्याच, फक्त त्यांत हत्ती हरवेल एवढ्या. त्यांनी लिहिलं होतं, 'आपल्या अंगणातलं पाणी खान नदीला जातं, खान क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला. म्हणजे कुसुमच्या महाद्वाराची माती इथूनच पुढे गेली असणार. मी काठावर उभा राहून पाहिलं. ओळखू आली नाही, पण नमस्कार केला.' आम्ही त्यांच्या अस्थी उज्जैनला क्षिप्रेत सोडल्या, तेव्हा कुसुमने हे पत्र वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाबांना पुढचा रस्ता माहीत आहे." आणि रडली, पण त्याआधी हसली.

आता एवढंच राहिलं. तेराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी घरमालक शेठजी आले. गौतमपुऱ्याकडचे, भला माणूस, इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नाही. बरोबर फावडं घेतलेला एक मजूर. "भाभीजी," ते म्हणाले, "कल लोग जीमेंगे, आँगन में जगह चाहिए. ये मिट्टी का ढेर मैं हटवा देता हूँ. आप किसी बात की चिंता मत करो." अगदी मनापासून म्हणाले. मी तिथेच होतो. उपकिल्लेदार मी, बोलायचं मी होतं. पण शेठजींच्या चेहऱ्यावर मला माझाच तो शनिवार दिसला, चिकणमाती आणि झेंडा घेऊन आलेला, तितकाच प्रेमळ. कुसुमने माझा हात धरला. जेवणं शेवटी माझ्या अंगणात आणि उरलेली गल्लीत झाली, शेठजींनी स्वतः वाढलं, हे आधीच सांगून टाकतो, कारण यापुढे माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही. मजुराने फावडं उचललं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या, पिठाचे हात तसेच. सात वर्षं पापडांच्या उन्हासाठी त्या किल्ल्याशी भांडलेल्या आमच्या वहिनी. त्या मजुराला मराठी येत नाही हे विसरून त्या एकदम म्हणाल्या,

"हात लावू नका त्याला. हे कामात आहेत."